कुणीतरी घरी पाहिजे

दिल्लीत सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये इंदुमती मेश्रामने एकवीस वर्षं संसार केला, पण त्या एकवीस वर्षांत तिने त्या जागेला एकदाही घर म्हटलं नाही. 'क्वार्टर'च म्हणायची. नळ गळला की तक्रार लिहून द्यायची आणि माणूस येईपर्यंत खाली बादली लावून बसायचं. रंग सरकार देईल तो, आणि तोही सरकारला आठवण होईल तेव्हा. मागच्या दारी तिने कढीपत्ता लावला तेव्हा गुणवंत म्हणाले होते, "लाव, पण जीव लावू नको. रिटायर झालो की चावी परत द्यायची आहे."

गुणवंत केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. त्यांची त्या क्वार्टरबद्दल काहीच तक्रार नव्हती. ऑफिसची बस दारातून सुटायची, संध्याकाळी शेजारचे बॅनर्जी आणि खालचे नायर यांच्याबरोबर कॅरम व्हायचा, रविवारी सगळे मिळून इंडिया गेटला जायचे. माणसाला आणखी काय लागतं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

इंदुमतीला मात्र लागत होतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाबाहेर, गायरानावर तिच्या बापाने खोपट घातलं होतं. ते तिच्या लहानपणी दोनदा उठवलं गेलं. दुसऱ्या वेळी ती नऊ वर्षांची होती. बैलगाडीत जात्यावर बसून, मांडीत धाकटा भाऊ घेऊन ती गाव सोडताना मागे बघत होती, आणि बाप गाडीमागून चालत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, की पायाखालची जमीन आपली पाहिजे. बाप गेला, भाऊ गेला, ते वाक्य तिच्यापाशी राहिलं.

म्हणून अठ्ठ्याऐंशी साली नोएडाच्या प्लॉटची योजना निघाली तेव्हा फॉर्म तिनेच आणला, तिनेच भरला आणि जेवणाच्या ताटाशेजारी ठेवून नवऱ्याची सही घेतली.

"यमुनेपार?" गुणवंत म्हणाले. "अगं, तिथं कोल्हे राहतात."

"राहू द्या. कोल्ह्यांना कुणी ऊठ म्हणत नाही."

सोडतीत नाव निघालं. पुढची पाच वर्षं कशी गेली ते तिचं तिलाच ठाऊक. बांधकामावर ती डोक्यावर ओला पंचा घेऊन उन्हात उभी राहायची, विटा स्वतः वाजवून बघायची. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत घर उभं राहिलं. गुणवंतांच्या निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती, पण ती थांबायला तयार नव्हती. बुद्धवंदना झाली, दिल्लीतली ओळखीची चाळीसेक माणसं जेवून गेली, आणि फाटकाच्या खांबावर पाटी लागली. पाटीवर पहिलं नाव तिचं होतं. तो हट्ट गुणवंतांचा.

पहिले काही महिने तिला इतकं सुख झालं, की ते कुणाला सांगायचीही तिला भीती वाटे. सकाळी ती अनवाणी गच्चीवर जायची. सगळीकडे आखलेले रस्ते, खांबांवर दिवे नाहीत, प्लॉटच्या कोपऱ्यांना दगड रोवलेले, आणि मधे मोहरीची शेतं अजून तशीच पिवळी. त्यांच्या ओळीत चौदा प्लॉट होते, आणि घर एकच. नीलगाय फाटकाशी येऊन उभी राहायची. भिंतीत खिळा ठोकायची हौस तिने अशी भागवून घेतली, की गुणवंत म्हणाले, "पुरे आता, भिंत पडेल."

त्या वर्षी विजयादशमीला ती दोघं नेहमीसारखी नागपूरला गेली. लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलं नव्हतं. दीक्षाभूमीवर जायचं, इंदोऱ्यात इंदुमतीच्या मोठ्या बहिणीकडे, रमाबाईकडे, चार दिवस राहायचं. रमाबाईनेच या दोघांचं लग्न जुळवलं होतं. इंदुमती-गुणवंतांचा मुलगा सिद्धांतही तेव्हा मावशीकडेच राहून नागपुरात इंजिनिअरिंग शिकत होता. त्या दोन खोल्यांत त्या चार दिवसांत वीस-वीस माणसं झोपायची. इंदुमतीने त्या वेळी सगळ्यांना घराचे फोटो दाखवले. रमाबाई प्रत्येक फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. "येते गं एकदा," म्हणाली.

परतल्यावर फाटकाचं कुलूप शाबूत होतं. दार उघडलं आणि इंदुमतीला आधी वास आला, फोडणीचा.

मागच्या खिडकीची जाळी कापली होती. भांडी, पंखे, नळाच्या तोट्या, विजेची तार, सगळं गेलं होतं. त्याचं तिला इतकं लागलं नाही. पण चोर घाईत नव्हते. त्यांनी तिच्या गॅसवर दोन दिवस स्वयंपाक केला होता. लोणच्याची बरणी पुसून खाल्ली होती. पलंगावरची चादर चुरगळलेली होती, आणि उशीवर तेलाचा डाग होता. कुणीतरी तिच्या घरात, तिच्यापेक्षाही निवांत, पाहुणचार घेऊन गेलं होतं. ती उशी तिने अंगणात नेऊन जाळली.

चौकीतून आलेला हवालदार घरभर फिरला, पाणी प्यायला आणि जाता जाता म्हणाला, "अंकलजी, नई कॉलोनी है. मकान अकेला छोड़ोगे तो यही होगा. कोई न कोई घर पर रहना चाहिए."

तो हे सहज बोलून गेला. पण त्या घरात त्या दिवसापासून तोच कायदा झाला.

सुरुवातीला तिला त्याचं ओझं वाटलं नाही. गुणवंत सकाळी चार्टर्ड बसने ऑफिसला जायचे, ती घरी. रविवारी एकाने अट्टा मार्केटला जायचं, दुसऱ्याने थांबायचं. जुन्या शेजारी बॅनर्जींच्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा गुणवंत म्हणाले, "तू जाऊन ये. कुणीतरी घरी पाहिजे." लग्नात सगळे विचारत होते, मेश्रामसाहेब कुठं? पुढच्या वर्षी नायर केरळला परत निघाले, तेव्हा निरोपाला गुणवंत एकटे गेले. आल्यावर बराच वेळ त्या कॅरमबद्दल बोलत राहिले. तिला वाटलं, आपणही असायला हवं होतं. मग वाटलं, असू दे, थोडे दिवस. भिंत उंच केली की झालं.

भिंत उंच केली. मग वाटलं, खिडक्यांना गज बसले की झालं. गज बसले. कुत्रं पाळलं, ते साप चावून मेलं. मग ती म्हणू लागली, समोर एक घर होऊ दे, शेजार झाला की सगळं मार्गी लागेल. नागपूरला ती दोघं आता आळीपाळीने जात. एका वर्षी ती, एका वर्षी ते. तिकिटाच्या खिडकीवरचा माणूस विचारायचा, "एक ही?" आणि ती म्हणायची, "हां, एक ही."

शहाण्णव साली गुणवंत निवृत्त झाले, आणि सत्त्याण्णवला समोर घर झालं. मालक खुराना, करोलबागेत कापडाचं दुकान. इंदुमतीने पायाभरणीपासून त्यांच्या मजुरांना चहा पाजला होता. घर पूर्ण झालं, फीत कापली, लाडू वाटले, आणि खुराना संध्याकाळी गाडीत बसून करोलबागेला परत गेले. जाताना त्यांनी गुणवंतांच्या हातात चावी दिली.

"मेश्रामजी, अभी तो हम वहीं रहेंगे. बच्चों का स्कूल है. आप तो घर पर ही रहते हो. ज़रा देख लेना."

गुणवंतांनी चावी घेतली. दाराजवळच्या खिळ्याला लावली. दर सोमवारी जाऊन ते खुरानांच्या खिडक्या उघडत, नळ सोडून बघत, जाळी-जळमटं काढत. बातमी पसरली असावी. पुढच्या तीन वर्षांत त्या ओळीत आणखी चार घरं झाली. दोघं मालक दिल्लीत, एक दुबईला, एका विधवा बाईंचा मुलगा अमेरिकेत आणि त्या त्याच्याकडे. सगळ्यांनी घरं बांधली ती भाव वाढेल म्हणून, किंवा कधीतरी राहू म्हणून. आणि सगळ्यांनी चाव्या मेश्रामांकडे दिल्या.

शेजार झाला होता. फक्त त्यात माणसं नव्हती.

एकदा इंदुमती चिडून म्हणाली, "काहून घेता हो तुम्ही लोकांच्या चाव्या? आपण काय चौकीदार आहोत?"

गुणवंत चाव्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"माझा आजा पाटलाच्या ओसरीखाली उभा राहून भाकरी मागायचा," ते म्हणाले. "ओसरीवर पाय ठेवायची परवानगी नव्हती. आज पाच घरांची माणसं, त्यातले दोन ब्राह्मण, कपाटं उघडी टाकून माझ्या हातात घर देऊन जातात. तुला हे साधं वाटतं?"

त्यानंतर त्या विषयावर तिला कधीच बोलता आलं नाही. ज्या माणसाला घर नकोच होतं, तो आता पाच घरं सांभाळत होता, आणि जिला पाहिजे होतं, ती त्या घराच्या पुढच्या खोलीत बसून समोरच्या बंद खिडक्या मोजत होती. दुपारी एकही हाक ऐकू येत नसे. भाजीवाला त्या ओळीत वळायचाही नाही, कारण एका घरासाठी कोण वळणार. क्वार्टरच्या जिन्यात दिवसभर चाललेल्या ज्या गलक्याला ती एकवीस वर्षं वैतागली होती, तो तिला आता आठवायचा. आणि आठवला की ती स्वतःवर संतापायची, कारण आता तक्रार कुणाकडे करायची? फॉर्म तिनेच भरला होता.

दोन हजार एकमध्ये सिद्धांतचं लग्न नागपुरात झालं. ऑफिसातला जुना शिपाई दोन रात्रींपुरता घरी बसवून गुणवंत लग्नाच्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरले, आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघाले. व्याह्यांनी आग्रह केला, सुनेने हात धरला. ते हसून म्हणाले, "कुणीतरी घरी पाहिजे ना." सिद्धांत स्टेशनवर सोडायला गेला. परत आल्यावर तो आईला एवढंच म्हणाला, "बाबा माझ्याशी लग्नाबद्दल काही बोललेच नाहीत, आई. दुबईवाल्याच्या टाकीचा फ्लोट खराब झालाय, ते सांगत होते."

दोन वर्षांनी नागपूरहून फोन आला. रमाबाईचं आतड्याचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. भाची म्हणाली, "मावशी, आई दोघांनाही बोलावते आहे. दोघंही या म्हणते."

इंदुमतीने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. गुणवंतांचा चेहरा उतरला होता. रमाबाईवर त्यांचा जीव होता, हे तिला माहीत होतं.

"चला," ती म्हणाली.

ते उठले, कपाटातून बॅग काढली, तीत दोन शर्ट टाकले. मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खुरानांकडे रंगकाम चालू होतं, आणि रंगाऱ्यांना सकाळी दार उघडून संध्याकाळी लावायची जबाबदारी गुणवंतांची होती.

"तू पुढे हो," ते म्हणाले. "रंगारी गेले की मी येतो. चार दिवसांत."

"रमाबाई चार दिवस थांबेल?"

त्यांनी बॅग बंद केली नाही. शर्ट बॅगेतून काढलेही नाहीत. ती निघाली तेव्हा ती उघडी बॅग पलंगावर तशीच होती.

रमाबाई खाटेवर इतकीशी झाली होती. तिने आधी इंदुमतीच्या मागे, दाराकडे पाहिलं.

"गुणवंत?"

"येताहेत, बाई. मागून."

रमाबाईने मान हलवली. तिला कळलं होतं. तिने इंदुमतीचा हात हातात घेतला.

"तुझं घर पाह्यचं राहूनच गेलं गं माझं. सांग ना, कसं आहे?"

इंदुमती सांगू लागली. फाटकाला दोन कुलपं आहेत, एक आतून, एक बाहेरून. मागच्या खिडकीला आता दुहेरी गज आहेत. गच्चीच्या दाराला आडणा बसवला आहे. न्हाणीघराची झडप तेवढी नीट लागत नाही, तिथून हात येऊ शकतो, तिथं वीट लावून ठेवते… बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की तिने बहिणीला अजून एकही खोली सांगितली नाही. सकाळी ऊन कुठून येतं ते सांगितलं नाही. तिने आठवून बघितलं, ऊन कुठून येतं? गजांमागे पडदे होते आणि पडदे ओढलेले असायचे.

रमाबाईने डोळे मिटले होते. ऐकत होती की झोपली होती, कळायला मार्ग नव्हता.

त्या घराचं दार दिवसभर उघडं होतं. माणसं येत, खाटेपाशी बसत, चहा पिऊन उठत, दुसरी येत. इंदुमती मात्र दर थोड्या वेळाने उठून दार लोटून यायची. तिसऱ्यांदा भाचीने हसून विचारलं, "मावशी, इथं चोरायला काय ठेवलंय गं?" सगळे हसले. इंदुमतीही हसली. दिल्ली हजार किलोमीटर मागे राहिली होती, आणि तरी ती फाटकाच्या आतच होती.

रमाबाई तिसऱ्या दिवशी गेली. त्याच जुन्या शिपायाला घरी बसवून गुणवंत विमानाने आले, पण अंत्यविधी झाल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले, आणि ते कुणालाच सांगायच्या लायकीचं राहिलं नाही. ओट्यावर एका कडेला बसून ते हुंदके देऊन रडले. इंदुमतीने त्यांना रडू दिलं. जवळ गेली नाही.

पुढचं वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतं बोलली. दोन हजार चारच्या विजयादशमीच्या महिनाभर आधी ती स्वतः स्टेशनवर गेली, आणि दोन तिकिटं आणून टेबलावर ठेवली.

"घराचं काय?" गुणवंतांनी विचारलं.

"कुलूप लावायचं."

"आणि बाकीच्या…"

"त्यांना फोन करून सांगा, मेश्राम चार दिवस घरी नाहीत. ज्यांची घरं आहेत ते बघतील."

त्यांनी खरंच फोन केले. प्रत्येकाशी बोलताना ते माफी मागितल्यासारखे बोलत होते. निघायच्या दिवशी त्यांनी फाटकाचं कुलूप ओढून बघितलं, कोपऱ्यापर्यंत गेले, पुन्हा येऊन ओढून बघितलं. ती रिक्षात बसून राहिली.

दहा वर्षांनी ती दोघं एका डब्यात शेजारी बसली होती. तिने वाटेत खायला भाकरी, झुणका आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. मथुरेपर्यंत गुणवंत बोलत होते, झाशीपर्यंत गप्प झाले, भोपाळला उतरून त्यांनी खुरानांना फोन लावला. कुणी उचलला नाही. आता ते उरलेल्या वाटेत काय काय कल्पना करतील, हे तिला न बघताही समजत होतं. तिने ठरवलं होतं, की या वेळी आपण विरघळायचं नाही.

दीक्षाभूमीवर तीच गर्दी होती, तेच पांढरे कपडे, तोच निळा रंग, पुस्तकांच्या दुकानांच्या तशाच रांगा. खांद्यावर पोरं घेतलेले बाप, हातात हात धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या. दहा वर्षं तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. गुणवंत तिच्या शेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे होते. तिनेही डोळे मिटले. त्रिशरण म्हणायला सुरुवात केली, आणि मधेच तिला वाटलं, न्हाणीघराच्या झडपेला आपण वीट लावली का?

तिने आठवून पाहिलं. झाडू मारला, गॅस बंद केला, मागचं दार… विटेचं काही आठवेना. ओठ गाथा म्हणत होते, पण ती न्हाणीघरात उभी होती. तिने डोळे उघडले. भोवती लाखो माणसं होती आणि ती बाहेर पडायची वाट शोधू लागली.

इंदोऱ्यात आणखी दोन दिवस राहायचं ठरलं होतं. संध्याकाळी भाची चहा ठेवत असताना इंदुमती हळूच म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीला गर्दी कमी असते म्हणे."

गुणवंत तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिला काहीही न विचारता पिशवी भरायला घेतली, आणि इंदुमतीला नवऱ्याच्या पाठीवर सुटकेसारखं काहीतरी दिसलं. रागवायचा हक्क तिला आता उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी पहाटे दिल्ली आली, आणि सात वाजता दोघं फाटकापाशी पोहोचली. कुलूप शाबूत होतं. आतलं दार शाबूत. ती घरभर फिरली. भांडी, पंखे, तोट्या, कपाट. न्हाणीघरात झडपेला वीट लावलेली होती. तिने ती वीट हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवली. गच्चीवर गेली, खाली आली, मग पुन्हा सगळ्या खोल्यांतून फिरली, काहीतरी शोधत असल्यासारखी. शेवटी स्वयंपाकघरात पाटावर बसली.

गुणवंतांनी चहा केला. हे ते क्वचित करत. दोन कप घेऊन ते समोर बसले.

"काही गेलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. सगळं आहे."

"बरं झालं."

ती कपाकडे बघत म्हणाली, "खरं सांगू? मला वाटत होतं, गेलं असतं तर बरं. सगळंच. भिंतीसकट."

तिला वाटलं, ते दचकतील, बोलतील. फॉर्मची आठवण देतील. तसं झालं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं.

गुणवंतांनी एक घोट घेतला. त्यांचे हात म्हातारे दिसत होते, हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"फाटकाचं कुलूप लांबून दिसलं ना," ते म्हणाले, "तेव्हा माझेही पाय जड झाले. म्हटलं, म्हणजे सगळं आहे जागच्या जागी. म्हणजे आता पुन्हा सुरू."

"मग इतकी वर्षं बोलला काहून नाही?"

"काय बोलू? तुझं घर आहे. तू एवढं मागून घेतलेलं."

"आणि मी तुमच्या चाव्यांमुळे गप्प होते."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. हसू आलं असतं, पण आलं नाही. दहा वर्षं दोघंही एकाच कोठडीत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं, किल्ली दुसऱ्याकडे आहे.

"विकू या का?" तिने विचारलं.

"विकू," गुणवंत म्हणाले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "विकून कुठं जायचं, इंदू?"

तिने विचार केला. सिद्धांतने आता गुडगावला घेतलेला बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट आठवला, सून-मुलगा दिवसभर ऑफिसात. नागपूरच्या त्या दोन खोल्या आठवल्या, पण तिथं आता रमाबाई नव्हती. जिथं जावंसं वाटावं अशी एकही जागा तिच्या डोळ्यांपुढे येईना. जागेची इच्छाच तिच्यातून निघून गेली होती, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग खुरानांचा आवाज आला, "मेश्रामजी! आ गए क्या? चाबी चाहिए थी, पार्टी को मकान दिखाना है!"

गुणवंत सवयीने उठू लागले.

"बसा," इंदुमती म्हणाली. "चहा संपवा."

ते बसले. हॉर्न वाजत राहिला. त्यांनी चहा सावकाश प्यायला, शेवटचा घोट कपातच फिरवला, आणि तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. असा हात ठेवून कित्येक वर्षं झाली होती. हॉर्न आणखी दोनदा वाजला. मग तिनेच हात काढून घेतला, आणि ते उठून दाराकडे गेले.